कागावा, बारडोली आणि कोयत्यावर जाणारी आपली मंडळी

प्रश्न विचारणारा तरुण पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, नवापूर तालुक्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, नुकताच रुजू झाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दिवाळी झाली की निम्मी मंडळी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गुजरातेत जाते आणि होळीच्या पुढेमागे परतते. सेमिनरीत असताना त्याने जपानच्या तोयोहिको कागावांबद्दल वाचलं. गरिबी आणि विषमतेविरुद्ध उभं आयुष्य घालवलेला हा पाळक. तसं आयुष्य खानदेशात जगता येईल का, सुरुवात कुठून करायची, घर कसं चालेल, आणि "पाळकाने मोर्चाबिर्चात पडू नये" असं म्हणणाऱ्या मंडळीतल्या वडिलांना, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, काय उत्तर द्यायचं?

भाऊ, माझी सगळी सेवा साक्री, नवापूर, अक्कलकुवा याच पट्ट्यात झाली. आता निवृत्त आहे, त्यामुळे कोणाची मर्जी सांभाळायची गरज उरलेली नाही. तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

आधी कागावांकडे पाहू, कारण त्यांच्या आयुष्याचा अर्धाच भाग आपल्याकडे सांगितला जातो. नाताळच्या प्रवचनात येतो तो एवढाच: जन्म १८८८, कोबे शहर. आईवडील लहानपणीच गेले. तोकुशिमात वाढले, तिथे अमेरिकन मिशनरींच्या संगतीत १९०४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. क्षयाने छाती पोखरलेली. तशाच अवस्थेत २४ डिसेंबर १९०९ रोजी, एकविसाव्या वर्षी, कोबेच्या शिंकावा झोपडपट्टीत राहायला गेले. आजाऱ्यांना आपल्या खोलीत घेतलं. त्यातून डोळ्यांना खुपऱ्या झाल्या आणि नजर कायमची अधू झाली. इथे प्रवचन संपतं, डोळे पुसले जातात, दानपेटी फिरते.

खरी गोष्ट याच्यापुढे आहे. झोपडपट्टीत काही वर्षं काढल्यावर कागावांना एक हिशेब कळला. एका आजाऱ्याला बरं करून उभं करावं, तोवर गोदी आणि कारखाने दहा नव्यांना मोडून त्याच गल्लीत आणून टाकतात. १९१४ मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकायला गेले. न्यू यॉर्कमध्ये कपडे शिवणाऱ्या कामगारांचा मोर्चा त्यांनी पाहिला, आणि १९१७ मध्ये परतले ते संघटनेचा विचार पक्का करूनच. १९२१ मध्ये कोबेत कावासाकी आणि मित्सुबिशीच्या गोदी कामगारांचा संप झाला. तीस हजारांवर माणसं रस्त्यावर होती आणि पुढाऱ्यांमध्ये हा पाळक होता. तुरुंगात गेला. त्याच वर्षी कोबेत ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली, ती आजही चालू आहे आणि जपानमधल्या मोठ्या ग्राहक सहकारी संस्थांत मोडते. पुढच्या वर्षी, १९२२ मध्ये, सुगियामा मोतोजिरो यांच्यासोबत कुळांची आणि शेतकऱ्यांची देशव्यापी संघटना काढली. सुगियामाही पाळकच. १९२३ च्या भूकंपात तोक्योला जाऊन मदतकार्य केलं.

आजाऱ्याला खोलीत घेणारा कागावा आणि संपात उभा राहणारा कागावा हे दोन वेगळे मानून चालणार नाही. पहिला नसता तर दुसऱ्याचं कोणी ऐकलं नसतं. पण पहिल्यावरच थांबला असता तर आज आपण त्याचं नावही घेतलं नसतं. आपल्याकडच्या बहुतेक मिशनकामाला पहिलं छान जमलं. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात आली. शाळा, वसतिगृहं निघाली, चिंचपाड्याचा दवाखाना उभा राहिला. तो दवाखाना नसता तर मावची आणि भिल्ल वस्त्यांमधल्या किती बाळंतिणी गेल्या असत्या, त्याची मोजदाद कोण करणार? ते ऋण मी मानतो. पण त्याच वस्त्यांतला माणूस शेजारच्या गावात सालदारकी करत होता, एका लग्नाच्या कर्जापायी वर्षानुवर्षं मालकाच्या दारात बांधलेला होता. तो रविवारी उपासनेला यायचा आणि सोमवारी परत त्याच दारात जायचा. त्याच्या कर्जाची चौकशी मंडळीने क्वचितच केली.

आता कागावांची वाईट बाजू. तीही तुम्हाला ठाऊक हवी, कारण कोणीतरी ती तुमच्या तोंडावर फेकेल. १९१५ मध्ये त्यांनी गरिबांच्या मानसिकतेवर एक जाडजूड अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. शिंकावात राहणाऱ्यांमध्ये बुराकू समाजाची माणसं पुष्कळ होती. चामड्याची, मेलेल्या जनावरांची कामं पिढ्यान् पिढ्या लादली गेलेला, जपानमध्ये अस्पृश्यासारखा वागवला गेलेला हा समाज. त्यांच्याबद्दल कागावांनी त्या ग्रंथात जे लिहिलं ते वंशभेदाचं होतं: ही माणसं जन्मानेच वेगळी, हलकी, अशा थाटाचं. बुराकू चळवळीने पुढे त्यावर कडक टीका केली आणि ती रास्त होती. त्यांच्याच खोल्यांमध्ये राहून, त्यांच्याच आजारांनी स्वतःचे डोळे घालवून, माणूस हे लिहू शकतो! महाराष्ट्रात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. गरिबाची सेवा करणं आणि त्याला बरोबरीचं मानणं या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत. बुराकूंनी १९२२ मध्ये स्वतःची संघटना स्वतः उभारली. त्यासाठी ते कोणा पाळकाची वाट पाहत बसले नाहीत.

आणि आता बारडोली. या भागासाठीच मी एवढं लांबून आलो.

डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरमला जगभरच्या मिशनरी चळवळीची परिषद भरली. कागावा त्यासाठी भारतात आले आणि जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींना भेटले. भेट झाली बारडोलीला. आपल्या उधना-जळगाव लाईनवरची, नवापूर-व्यारा करत तुमची मंडळी जिथून उसाच्या फडावर जाते ती बारडोली. तेव्हा जपानचं चीनवर आक्रमण चालू होतं. गांधीजींनी विचारलं, जपानमधल्या लोकांना युद्धाबद्दल काय वाटतं. कागावा म्हणाले, माझी मतं तिथे पाखंडी ठरतात. गांधीजींचं म्हणणं पडलं की तुमच्या जागी मी असतो तर ते पाखंड उघड जाहीर केलं असतं आणि गोळी खाल्ली असती. एका पारड्यात तुमच्या सहकारी संस्था आणि सगळं काम टाका, दुसऱ्यात देशाची अब्रू. अब्रू विकली जात असेल तर बोला. कागावांनी कबूल केलं की मनातून पटतं, पण मित्र थांबवतात. पुढच्या वर्षी त्यांना लष्करी पोलिसांनी अटक केली खरी. पण युद्ध पेटल्यावर ते रेडिओवरून अमेरिकेविरुद्धही बोलले. म्हणजे पारडं कधी इकडे, कधी तिकडे. मला हा माणूस त्यामुळे जास्त जवळचा वाटतो. संस्था उभी केली की तिची भिंत वाचवण्यासाठी माणूस गप्प बसायला लागतो. हे प्रत्येक मिशन कंपाउंडमध्ये पाहायला मिळतं.

त्या भेटीत दोघांचं बोलणं सहकारावरही झालं. पण बारडोलीच्या मातीतली एक गोष्ट आपण जोडून घ्यायला हवी. १९२८ चा बारडोली सत्याग्रह सारावाढीविरुद्ध होता. बावीस टक्क्यांची वाढ होती, ती चौकशीनंतर सहाच्या आसपास आली. मोठा विजय, वल्लभभाई तिथूनच सरदार झाले. फायदा झाला तो जमीन असलेल्या शेतकऱ्याचा. त्याच्या शेतावर पिढ्यान् पिढ्या बांधलेला हाळी मजूर होता तिथेच राहिला. पुढे त्याच भागात सहकारी साखर कारखाने आले. सहकार अगदी खरा, सभासदांचं खरोखर भलं झालं. पण सभासद कोण? ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा नाही. तो दरवर्षी नंदुरबार, धुळे, डांगमधून येतो, फडाशेजारी प्लॅस्टिकच्या पालात राहतो, आणि कारखान्याच्या कागदावर बरेचदा त्याचं नावही नसतं. टोळी आणणाऱ्या मुकादमाचं असतं.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: कागावांसारखं झोपडपट्टीत जाऊन राहण्याची तुम्हाला गरज नाही, तुम्ही राहताच आहात. तुम्हाला त्यांच्याकडून घ्यायचंय ते नंतरच्या वर्षांतलं. आणि त्यात एक भर घालायची: जिथे जिथे भल्याची यादी असेल, तिथे कोणाचं नाव यादीबाहेर राहिलंय ते शोधायचं. रेशनची यादी, घरकुलाची यादी, वनपट्ट्यांची यादी, सहकारी सोसायटीची यादी. आणि मंडळीचं रजिस्टर.

हो, मंडळीचं रजिस्टर सर्वांत आधी. तुमच्या मंडळीची वार्षिक सभा कधी भरते? माझ्या माहितीतल्या पुष्कळ मंडळ्यांची जानेवारी-फेब्रुवारीत भरायची. त्या वेळी कोयत्यावर जाणारी घरं गुजरातेत असतात. मग वडील कोण निवडले जातात? गावात मागे राहणारे: मास्तर, दुकानदार, नोकरीवाले, ज्यांची विहिरीची जमीन आहे ते. आणि मुकादम. हे कोणी मुद्दाम करत नाही, फक्त तारखेकडे कोणी पाहिलेलं नसतं. सभा मे महिन्यात घ्या. ही एक तारीख बदलली की तुमच्या सेवेतली निम्मी भांडणं सुरू होतील, आणि ती व्हायलाच हवीत.

मुकादमाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सेमिनरीत हे शिकवत नाहीत. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, दुखणं निघतं, लग्न ठरतं, तेव्हा मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोड टनावर मोजली जाते, हिशेब हंगामाच्या शेवटी. उचलीवर कित्येक ठिकाणी दीडपट वसूल होते, दहा हजार घेतले तर पंधरा फेडायचे. मधल्या काळात मिळणारी खर्ची, धान्य, दवाखान्याचे पैसे, सगळं वजा होतं. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून जे चार पैसे येतात तेच काय ते रोख हातात. हंगामाअखेर मुकादम वही उघडतो. वही त्याची, अक्षर त्याचं, बेरीज त्याची. देणं उरलंच तर ते पुढच्या वर्षीची उचल म्हणून चढतं.

आणि हा मुकादम परका नसतो. तो त्याच पाड्यातला, त्याच कुळातला, अनेकदा आपल्याच मंडळीतला असतो. उपकारस्तुतीच्या सणाला सर्वांत मोठं दान त्याचं. चर्चच्या पत्र्यांचे पैसे त्याने दिलेले असतात. त्याच्या डोक्यावरही कारखान्याचं दडपण असतं. टोळी पळाली तर उचल त्याच्या अंगावर येते. त्याला राक्षस ठरवून तुम्ही काही मिळवणार नाही. पण त्याच्या पत्र्याखाली उभं राहून बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचता येईल का, हे तपासून पाहा. शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं तिथे सरळ लिहिलंय. मी तो भाग मुद्दाम टोळ्या जायच्या आधीच्या रविवारी वाचायचो. कोणाकडे बघायचो नाही, नाव घ्यायचो नाही. नंतर मुकादमाच्या घरी चहाला जायचो. तिथे मग वहीचा विषय काढायचा.

सुरुवात या वहीपासून करा. प्रत्येक कोयत्याची स्वतःची वही. तिच्यात उचल किती, कोणत्या तारखेला, कोणासमोर, टनाचा भाव काय ठरला, फडावर रोज किती गाडी भरली, खर्ची किती घेतली, आजारात किती घेतले, एवढंच. घरातली पोरगी सातवी शिकलेली असेल तर ती लिहील. ज्यांना लिहिता येत नाही ते मोबाईलवर वजनाच्या पावतीचा फोटो काढतील, बोलून ठेवतील. दोन वह्या समोरासमोर ठेवल्या की मुकादमाची बेरीज आपसूक जपून होते. क्रांती वगैरे यात काही नाही. पण स्वतःचा आकडा स्वतःजवळ असलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. संघटना त्या आवाजातून होते, पाळकाच्या भाषणातून होत नाही.

तीन गोष्टी मात्र करू नका. कोणाला जामीन राहू नका. मंडळीच्या पैशातून उचल देऊ नका. तुम्हीच मुकादम व्हाल, तोही देवाच्या नावाने वसुली करणारा. आणि लोकांच्या वह्या स्वतःच्या कपाटात ठेवू नका.

कायद्याची बाजू थोडक्यात. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा केंद्राचा कायदा होता: ठेकेदाराचा परवाना, विस्थापन भत्ता वगैरे. तो २०२० च्या श्रमसंहितेत सामावला. आपल्या फडांवर तो कधी दिसला नाही. वेठबिगारी १९७५ च्या वटहुकमाने आणि १९७६ च्या कायद्याने बंद आहे. उचल फिटेपर्यंत माणसाला अडवून ठेवलं तर तो त्यात बसतो आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे, प्रांताकडे करता येते. रेशनचा मुद्दा जास्त हाताशी आहे. एकाच कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याची सोय ऑगस्ट २०१९ मध्ये देशात पहिल्यांदा ज्या जोड्यांमध्ये सुरू झाली, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरात होती. म्हणजे नंदुरबारचं कार्ड सुरत जिल्ह्यात चालायला हवं. अडचण येते ती घरातल्या सगळ्यांचं आधार कार्डाला जोडलेलं नसण्यात. हे काम टोळी जायच्या आधी, सप्टेंबरात, तहसीलला जाऊन होतं. कंटाळवाणं आहे, करा.

पण माणूस जातोच का? पाण्याविना कोरडी जमीन, तीही वनखात्याच्या नावावर. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरपर्यंत, कसणाऱ्याच्या हक्काची. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. विकता येत नाही, वारसाने जातो. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात, आणि त्यात वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, शेताचे बांध, जुन्या विहिरी, पुरलेल्या माणसांच्या जागा, हेही चालतं. कित्येक दावे उपविभागीय समितीकडून परत येतात ते कागद अपुरे म्हणून. फेटाळल्याचं कारण लेखी मागा. अपिलाला साठ दिवस असतात. तुम्ही पाळक म्हणून इथे कामाचे आहात, कारण गावातल्या म्हाताऱ्यांशी तुमचं रोजचं बोलणं आहे आणि जबाब लिहून घ्यायला लागणारा वेळ तुमच्याकडे आहे. कायद्यातली ताकद मात्र ग्रामसभेच्या वनहक्क समितीची. तुम्ही तिचे लेखनिक व्हा, अध्यक्ष होऊ नका.

हे करायला लागलात की एक प्रश्न हमखास येईल: ख्रिस्ती झालेल्यांना आदिवासींच्या सवलती कशा? घाबरून उत्तर देऊ नका. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. मावची, भिल्ल, पावरा, कोकणी कोणत्याही देवाला भजो, तो आदिवासीच राहतो. अट आहे ती अनुसूचित जातींना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्या सवलती जवळपास हिंदूंपुरत्याच होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजूनही बाहेर. तुमच्या मंडळीत धुळ्या-जळगावकडची अशी घरं असतील तर त्यांचं दुःख वेगळं आहे. आदिवासी ख्रिस्ती बांधवांनी ते आपलं मानलेलं मी फारसं पाहिलं नाही. यादीबाहेर कोण, हा प्रश्न आपल्या बाकावरही विचारावा लागतो.

मोर्चाचं विचारलंत. जा. मंडळीतल्या वडिलांना मी आपल्याच भागाचा इतिहास सांगायचो. तळोदे तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाम महाराज १९३० च्या दशकात हजारो आदिवासींना दारू सोडायला, स्वच्छ राहायला, एकमेकांना 'आप की जय' म्हणत मान द्यायला सांगत होते. त्यांच्यामागे रामदास महाराजांनी ते पुढे नेलं, तेव्हा इंग्रज सरकारला हद्दपारीचं अस्त्र काढावं लागलं. शहाद्याच्या अंबरसिंग महाराजांचंही तसंच: माणूस भजनातला, सर्वोदयाच्या वाटेने आलेला. १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला, १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा आणि त्यातून श्रमिक संघटना. सालदारांची मजुरी, सावकाराने गिळलेल्या जमिनी, यावर लढा उभा राहिला, आणि लगोलग बायकांनी दारूची मडकी फोडली. अमळनेरात शिक्षक असलेले साने गुरुजी गिरणी कामगारांत आणि पूर्व खानदेशच्या शेतकऱ्यांत उतरले तेव्हा त्यांनीही प्रार्थना सोडली नव्हती. या मातीत धर्माचा माणूस मजुराच्या बाजूने उभा राहिला तर लोकांना तो ओळखीचा वाटतो. परका वाटतो तो कंपाउंडचं फाटक लावून आत बसलेला.

पण मोर्चात जाताना चर्चचं बॅनर नेऊ नका. पांढरा झगा नको, क्रूस उंच धरणं नको. लाल बावट्याचा मोर्चा असेल तर त्यांच्या घोषणा त्यांना देऊ द्या, तुम्ही तुमच्या मंडळीतल्या बायांबरोबर रांगेत चाला. याला तत्त्वाचं कारण आहे तसंच व्यवहाराचंही. गुजरातेत २००३ पासून धर्मांतराचा कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. फडावर टोळीला भेटायला गेलात आणि औषधं वाटता वाटता प्रार्थना घेतलीत, तर कोणीतरी व्हिडिओ काढेल आणि त्याचा त्रास तुमच्यापेक्षा त्या कोयत्यांना होईल. मी दोन्ही कामं वेगळी ठेवायचो. आपल्या मंडळीची उपासना आपल्या मंडळीपुरती. मदत, वही, रेशन, दवाखाना हे टोळीतल्या सगळ्यांना, मग ते कोणाला का मानत असेनात. कायदा नसता तरी असंच करावं. भुकेल्याच्या हातात भाकरी देताना त्याच्याकडून काही कबूल करून घेणं हा मुकादमाचा धंदा आहे.

किंमत द्यावी लागते का? लागते. झारखंडमध्ये तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांचा प्रश्न घेऊन कोर्टात गेलेले फादर स्टॅन स्वामी ८ ऑक्टोबर २०२० ला पकडले गेले आणि ५ जुलै २०२१ ला मुंबईत, जामिनाची वाट पाहत, चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारले. कंपवाताने हात थरथरत असताना पाणी प्यायच्या नळीच्या भांड्यासाठीही त्यांना अर्ज करावा लागला होता. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. तुमच्या वाट्याला बहुधा बदली येईल, वर्गणी आटेल, 'पाळक कम्युनिस्ट झाला' असं म्हटलं जाईल. तालुक्याच्या ठाण्यात दोन-चार वेळा बसून राहावं लागेल. त्याची तयारी बायकोला विचारून करा.

बायकोवरून आठवलं. कागावांची पत्नी हारू ही छापखान्यात काम करणारी मुलगी होती. १९१३ मध्ये लग्न झालं आणि ती शिंकावात राहायला आली. तिलाही डोळ्यांचा तोच आजार जडला. १९२१ मध्ये तिने कामकरी बायकांची संघटना काढली. तिचं नाव प्रवचनात येत नाही. कागावांच्या हाती एका गाजलेल्या कादंबरीचे पैसे आले आणि ते कामात ओतता आले. तुमच्या-माझ्याकडे तसं काही नाही. माझ्या घरात शिक्षिकेच्या पगारावर चूल पेटायची, हे मी कधी लपवलं नाही. तुमचा पगार थोडा असला तरी मंडळीकडूनच घ्या. परदेशी देणगीच्या मागे लागू नका. २०२० नंतर विदेशी देणगीचे नियम इतके घट्ट झालेत की निम्मा वेळ अहवालातच जातो, आणि पैसा बाहेरचा असला की लोक तुम्हाला प्रकल्पाचे साहेब समजतात. वही, पेन आणि नवापूर-व्यारा एसटीचं भाडं एवढ्यावर हे काम सुरू होतं.

यंदा दसऱ्याच्या आत वह्यांचं काम हाती घ्या. विरोध करणाऱ्या वडिलांपैकी ज्यांचं अक्षर चांगलं असेल त्यांना बेरीज तपासायला बसवा. आकडे स्वतः वाचले की बरेच जण बदलतात, काही बदलत नाहीत. हंगामाच्या मध्यात एकदा फडावर जाऊन या, हात हलवत जा, फक्त वह्या पाहा आणि आजारी कोण आहे ते विचारा. आणि टोळ्या परतल्यावर हिशेबाची पहिली बैठक चर्चमध्ये किंवा रविवारी ठेवू नका. सोमवारी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर ठेवा, म्हणजे मंडळीत नसलेले कोयतेही आपापल्या वह्या घेऊन येतील.